ओवशाची सुपं आणि कंपनीचा शर्ट

म्हसळा,
गणपती बसले त्याचा दुसरा दिवस

ती. चांगदेवराव यांस,

सप्रेम नमस्कार. नमस्काराला जोडून 'विनंती विशेष' लिहायची आपली पद्धत आहे, ते मी मुद्दाम गाळलं आहे. माझी तुम्हाला कसलीही विनंती नाही, आणि विशेष तर मुळीच नाही. तुमची प्रकृती उत्तम असेलच (परवा माणगावला लांबून पाहिली, चांगली दिसली). किशोरीताईंच्या गुडघ्याला उतार पडला का? आमच्या हिनं, काशीनं, आपल्या थोरल्या बहिणीसाठी निर्गुडीचं तेल करून ठेवलं आहे. ते पाठवायचं कसं हा प्रश्नच आहे, कारण तेल तुमच्या कंपनीत ज्वलनशील धरतात, हे मला आता फार चांगलं ठाऊक झालं आहे.

फोन न करता पत्र का लिहितोय ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझा नंबर अडवून ठेवला आहे. नाही म्हणू नका. एकदा वाजतो आणि कट होतो, आणि तोच तुमचा फोन हेतलबेनच्या मोबाइलवरून लावला की तीन वेळा वाजून तुम्ही गोड आवाजात 'बोला मॅडम' म्हणता. (हेतलबेन म्हणजे आमच्या दुकानाच्या मालकीणबाई. झेरॉक्स, लग्नपत्रिका, राख्या आणि तुमच्या कंपनीचं कुरिअर, हे सगळं एकाच काउंटरवर.) किशोरीताईंच्या फोनवर बोललो असतो, पण त्यांना कळलं की काशीला कळतं, आणि काशीला काय कळू द्यायचं नाही ते पुढे येईलच. म्हणून बिघडलेल्या झेरॉक्सचे पाठकोरे कागद घेऊन बसलो आहे. कंपनीचं नाव मात्र पत्रात कुठेही लिहिणार नाही, कारण हेतलबेनच्या करारात म्हटलं आहे की ते नाव लाल रंगात आणि जाड अक्षरातच लिहावं. माझ्याकडे लाल पेन नाही.

या नोकरीत मला आणलं कुणी? तुम्ही. आठवतं का, सासुरवाडीला पंगतीत बसलो होतो आणि तुम्ही कोंबडीची तंगडी मोडता मोडता म्हणालात, 'अनंता, तू आपल्याच कंपनीत ये.' (तंगडी नेहमी तुमच्याच पानात येते, हे मी आजवर बोललो नाही. सासूबाईंच्या लेखी तुम्ही कंपनीवाले जावई आणि मी दुकानवाला.) त्या 'आपल्याच'वर मी भुललो. इथे आल्यावर कळलं की दुकानावरची पाटी कंपनीची, काटा कंपनीचा, स्कॅनर कंपनीचा, शर्टावरचं नाव कंपनीचं, आणि आतला माणूस मात्र कंपनीचा नाही. तुम्हाला शर्ट फुकट मिळतो, आम्हाला तोच शर्ट विकत घ्यावा लागतो. तुम्हाला दिवाळीला कुकर मिळतो. हेतलबेन आम्हाला फरसाण देतात आणि बरोबर उपदेश देतात, 'अनंताभाई, कंपनी ए कंपनी, ने आपणे ए आपणे.' आणि एवढं बोलून झाल्यावर त्या कंपनीच्याच पाटीला उदबत्ती ओवाळतात.

तुमच्या लोकांनी काहीही घोळ घातला की जाब द्यायला आम्ही. गेल्या महिन्यात शहनाजभाभींनी खारघरला शिकणाऱ्या मुलासाठी, अझहरसाठी, तांदळाच्या भाकऱ्या आणि कसलंसं लोणचं पाठवलं. अझहर गेटवर उभा. तुमचा डिलिव्हरीवाला गेटसमोरून गेला आणि पुढच्या नाक्यावर जाऊन त्यानं लिहिलं, 'ग्राहक घरी नाही.' पार्सल परत म्हसळ्याला आलं, तेव्हा भाकऱ्यांना केस फुटले होते. शहनाजभाभी दुकानात येऊन स्टुलावर बसल्या त्या उठेनात. मी त्यांना अगदी शांतपणे समजावलं की आम्ही फक्त पार्सल घेणारं दुकान, पोचवणारी कंपनी वेगळी, तिची माणसं वेगळी, आमचा त्यांच्यावर काही जोर चालत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या छातीकडे बोट करून म्हणाल्या, 'तुमी कंपनी न्हाय, तं मंग ह्ये अंगावर काय हाय?' मी त्यांना चहा पाजला.

त्याच दिवशी चिडून मी तुमच्या कंपनीच्या मोफत क्रमांकावर तक्रार करायला फोन लावला. एका बाईनं (ती बाई नव्हतीच, यंत्र होतं, पण मी बराच वेळ अहो-जाहो करत होतो) एक दाबा, चार दाबा असं करवून घेतलं आणि शेवटी म्हणाली, 'आपली तक्रार आपल्या जवळच्या दुकानाकडे जोडत आहोत.' लगेच आमच्या काउंटरवरचा फोन वाजला. हेतलबेननी तो उचलला. मी आत गोडाऊनमध्ये, त्या बाहेर. मी त्यांना ओळखलं नाही आणि त्यांनी मला. मी म्हटलं, तुमची सेवा अत्यंत वाईट आहे. त्या म्हणाल्या, आम्ही फक्त दुकान छे, भाई, कंपनीला बोला. मी म्हटलं, अहो मी कंपनीलाच बोलतोय. असं आमचं बराच वेळ चाललं आणि मग पडद्याआडून एकमेकांचे आवाज ऐकू यायला लागले.

हे सगळं मी गिळलं असतं. नोकरी म्हटली की गिळावं लागतं. पण आता गोष्ट माझ्या पोरीची, सोनलची आहे.

आपली सोनल वैशाखात किहीमला दिली. तुम्ही लग्नात होतात, फेटा बांधून मिरवत होतात, तेव्हा ते सांगायला नको. यंदा तिची पहिली गौर, म्हणजे नव्या सुनेनं माहेरची सुपं भरून गौरीपुढे ओवसायची. ओवशाचं नक्षत्र दरवर्षी जुळत नाही, ते यंदा नेमकं जुळलं आहे. किहीमकडे ओवशाचं फारसं नसतं म्हणून आम्ही निवांत होतो, पण तिच्या सासूबाईंचं माहेर तळा गावचं, म्हणजे आपल्याच बाजूचं. त्यांनी हौसेनं निरोप पाठवला की सुनेचा पहिला ओवसा थाटात करू, माहेरची पाच सुपं तेवढी येऊ द्या. काशीला किती आनंद झाला सांगू. सुपं मी बाजारात जाऊन एकेक उजेडात धरून निवडली. काशीनं हळदीत सूत भिजवून प्रत्येक सुपाला स्वतःच्या हातानं गुंडाळलं. ती म्हणाली, एसटीनं जा आणि देऊन या, माहेरच्या माणसानं सुपं आणली की त्याचा मान असतो, जेवायला बसवतात, टॉवेल-टोपी देतात. पण गणपतीच्या तोंडावर हेतलबेन सुट्टी देईनात. आणि खरं सांगायचं तर मी व्याह्यांसमोर आधीच बोलून बसलो होतो की सुपं कुरिअरनं घरपोच येतील, घरचीच कंपनी आहे. (बघा, मीसुद्धा 'घरचीच' म्हणालो. शर्टाचा गुण.)

आता तुमच्या कंपनीनं त्या सुपांचं काय केलं ते ऐका. सुपं एकात एक बसेनात, कारण सुताला धक्का लागला असता. म्हणून मोठं खोकं केलं. वजन केलं तर काही नाहीच. पण तुमची कंपनी वजन घेत नाही, लांबी-रुंदी-उंची घेते आणि खोक्यात जेवढी हवा असेल तेवढी तोलते. त्या हिशेबानं पाच सुपांचं वजन आमच्या सोनलच्या वजनाला आलं. तेही मान्य केलं. मग स्क्रीनवर विचारलं, आत वस्तू काय? यादीत मोबाइल आहे, चप्पल आहे, गाडीचा आरसा आहे, कुत्र्याचं खाणंसुद्धा आहे. सूप नाही. मी खूप शोधलं आणि त्यातल्या त्यात बरं म्हणून 'पूजा साहित्य' निवडलं. चुकलं का काही? गौरीपुढे ठेवायची सुपं, ती पूजेचंच साहित्य नाही तर काय गाडीचा आरसा? पण पूजा साहित्य म्हटलं की तुमच्या संगणकाला कापूर दिसतो, काडेपेटी दिसते, दिव्याचं तेल दिसतं. सुपं माणगावच्या तुमच्या हबपर्यंत, म्हणजे त्या मोठ्या गोदामापर्यंत गेली आणि तिथे त्यांच्यावर ज्वाळेचं चित्र चिकटलं. 'ज्वलनशील. तपासणीसाठी रोखलेले.' (पुढे जाऊ दिली असती तरी ती आधी भिवंडीला आणि मग उलटी अलिबागला जाणार होती. माणगावाहून किहीमला जायला भिवंडी लागते, हा भूगोल तुमच्या कंपनीनं कुठून शिकला?)

मी इथून दुरुस्ती करायला गेलो. एकदा स्कॅन झालं की दुकानाला काही बदलता येत नाही, फक्त हबला येतं. हबला म्हणजे तुम्हाला. मी रीतसर मेल केला. उत्तर आलं: 'कृपया अधिक माहितीसाठी जवळच्या दुकानाशी संपर्क साधावा.' खाली तुमचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. चांगदेवराव, जवळचं दुकान मीच आहे हो.

मग परवा दाढ दुखते असं सांगून अर्धा दिवस घेतला आणि माणगावला आलो. अंगात शर्ट होताच. गेटवरच्या रखवालदारानं विचारलं, आतले की बाहेरचे? मी शर्ट दाखवला. तो म्हणाला, शर्ट नको, कार्ड दाखवा. कार्ड फक्त तुमच्या लोकांना. मी तुमचं नाव सांगितलं, साडू लागतो म्हटलं. तो म्हणाला, साडूंसाठी वेगळं गेट नाही. म्हणून मी जाळीला लागून उभा राहिलो, आणि जाळीतून मला माझी सुपं दिसली. तपासणीसाठी खोकं उघडलेलं होतं. पाचही सुपं ढिगावर उताणी ठेवली होती, आणि काशीच्या सुताचा पिवळा रंग एवढ्या लांबून दिसत होता. आणि त्याच वेळी तुम्ही आलात. बरोबर मुंबईचा कुणी साहेब होता, टाय लावलेला. तुम्ही जाळीकडे पाहिलंत. आपली नजरानजर झाली. मी हात वर केला. तुम्ही मान वळवलीत आणि साहेबाला पलीकडचा पंखा दाखवायला लागलात.

मला फार वाईट वाटलं, चांगदेवराव. शिव्या देऊन परतवलं असतंत तरी चाललं असतं. एकाच घरच्या दोन बहिणी आपण केल्या, एका पंगतीला बसलो, आणि तुम्ही मला ओळख दिली नाहीत. घरी येऊन काशीला सांगितलं की ट्रॅकिंगवर सगळं ठीक दिसतंय, सुपं वाटेत आहेत. दुसरी पाच सुपं घेऊन स्वतः गेलो असतो, पण मग पहिली कुठे आहेत ते तिला सांगावं लागलं असतं, आणि ते सूत काही मला गुंडाळता येत नाही. परवा ओवसा. माहेरची सुपं आली नाहीत तर तिच्या सासूबाई काही बोलणार नाहीत, चांगल्या आहेत त्या, पण गावातल्या बायका जमणार, आणि पोर सगळ्यांच्यात रिकाम्या हातानं उभी राहणार. त्याचं काय ते तुम्ही आणि तुमच्या टायवाल्या साहेबानं ठरवा.

तर असं आहे. विनंती काही नाही. फक्त तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. यापुढे सासुरवाडीला भेटू तेव्हा मी तुमच्या पंगतीला बसणार नाही, पुढच्या पंगतीला बसेन. किशोरीताईंना माझा नमस्कार सांगावा. तुम्हाला वर एकदा केला आहे, तेवढा पुरे.

आपला (म्हणजे दुकानाचा),
अनंता

ता. क. वरचं पत्र काल लिहून ठेवलं होतं. रागात लिहिलेलं ताबडतोब टाकू नये म्हणून एक रात्र ठेवलं, आणि सकाळी राग तेवढाच होता म्हणून पाकिटात घातलं. आता गौरी घरात आल्या आहेत, संध्याकाळ आहे, आणि मी पाकीट पुन्हा उघडलं आहे. दुपारी सोनलचा फोन आला. सुपं पोचली. मला वाटलं, संगणकाला अक्कल आली. मी ट्रॅकिंग उघडून बघितलं तर तिथे अजून 'माणगाव, रोखलेले, ज्वलनशील' असंच आहे. मग पोचली कशी? सोनल म्हणाली, बाबा, कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून घेऊन आला, अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. पडवीत उभं राहूनच त्यानं सुपं दिली, सासूबाईंनी त्याच्या मोबाइलवर बोटानं सही केली. त्यांनी पाणी विचारलं, तो नको म्हणाला. चहा विचारला, तोही नको, ड्युटीवर परत जायचंय म्हणाला. फक्त निघताना त्यांना विचारलं, 'सोनल सुखात हाय ना?' सासूबाई आत येऊन म्हणाल्या, बरा माणूस होता गं, पार्सल माझ्या लेकाच्या नावाचं, आणि तुझी चौकशी करत होता. सोनल स्वयंपाकघरातून तशीच धावत गेटपर्यंत गेली. मोटारसायकल वळणावर गेली होती. तिनं तुमची पाठ ओळखली. फोनवर रडत होती.

दुसरं ता. क. काशीला सगळं ठाऊक होतं. ट्रॅकिंग तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, हे मला आज समजलं. तिनं किशोरीताईंना फोन केला होता, आणि किशोरीताईंनी तुम्हाला जेवणाच्या ताटावरून उठवलं म्हणे. असेल. पण त्या पावसात, त्या खड्ड्यांतून, पाच सुपं पाठीला बांधून किहीमपर्यंत जायचं आणि रात्रपाळीला परत यायचं, एवढं बायकोच्या धाकानं होत नाही. आणि सोनल सुखात आहे का, हे विचारायला तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सुताचा एक धागासुद्धा ओला झाला नाही, असं सोनल म्हणाली. वर लिहिलेलं मी खोडत नाही, कारण त्यात माझी कालची अख्खी दुपार गेली आहे आणि कंपनीबद्दल लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त जिथे जिथे 'तुम्ही' आलं आहे तिथे 'कंपनी' असं वाचावं. जाळीजवळचं तेवढं वगळून. ते मला लागलंच होतं.

तिसरं आणि शेवटचं ता. क. आता विनंती विशेष. व्याह्यांचा फोन आला होता. माहेरची सुपं आणणारा माणूस घरातला होता आणि आपण त्याला पडवीतून पाठवलं, म्हणून दोघंही फार ओशाळली आहेत. तुमची टॉवेल-टोपी काढून ठेवली आहे. ती तुम्हाला कुरिअरनं पाठवतो म्हणत होते. मी त्यांना हात जोडून नको म्हटलं. तर उद्या ओवशाला तुम्ही माझ्याबरोबर किहीमला जेवायला यायचं. हेतलबेननी सुट्टी दिली आहे (आधी दाढ विचारली, मग सुपांचं ऐकलं, मग सोनलच्या ओटीला म्हणून नारळ दिला). हे पत्र शेवटच्या एसटीच्या कंडक्टर क्रांतीताईंच्या हातात देतोय, त्या आज रात्रीच तुमच्या गेटवर देतील. त्या काही भिवंडीवरून जात नाहीत. तुमची पाळी सकाळी सुटते. मी पहिल्या गाडीनं येऊन गेटबाहेर, त्याच जाळीपाशी उभा राहतो. मला आत येता येत नाही, तेव्हा तुम्हीच बाहेर या. येताना शर्ट मात्र साधा घाला, मीही साधाच घालतोय. नाहीतर आपल्याला दारात बघून विहीणबाई पुन्हा सहीसाठी बोट पुढे करतील.